नेम धरायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत फुगे फोडायच्या दुकानावर मी लहानपणापासून जेवढे पैसे घालवलेत, तेवढ्यात एक बरी सायकल आली असती. जानेवारीत होम मैदानावर पाळणे उभे राहायचे, भज्यांचा वास सुटायचा, आणि मी सरळ त्या फळीसमोर जाऊन उभा. छर्ऱ्याची बंदूक, रांगेत टाचलेले लिंबाएवढे-पेरूएवढे फुगे, आणि माझे छर्रे बरोब्बर दोन फुग्यांच्या मधल्या फटीतून पलीकडे.

एका वर्षी आमच्या गल्लीतले सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार काका मागं येऊन उभे राहिले. दोन-तीन छर्रे वाया जाताना त्यांनी बघितले आणि म्हणाले, "श्वास कोंडून का बसलालास बे? फुगा पळून चाललाय का?" मग खिशातून पैसे काढून त्यांनी स्वतः एक डाव घेतला. पहिला छर्रा फुग्यावर मारलाच नाही. फळीच्या रिकाम्या कोपऱ्यात एक खिळा होता, त्याच्यावर मारला. दुसराही त्याच खिळ्यावर. तिसराही. खिळ्याला एकही लागला नाही.

"काका, पैसे वाया चाललेत," मी म्हणालो.

"गप बघ. तिन्ही कुठं पडलेत?"

तिन्ही छर्रे खिळ्याच्या उजवीकडे, दोन-तीन बोटं अंतरावर, एकमेकांना चिकटून बसले होते. बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेम धरायला जो बारीक उंचवटा असतो, ती माशी, डावीकडे वाकलेली होती. माशी डावीकडे असली की ती मागच्या खाचेत आणायला आपण नकळत नळी उजवीकडे वळवतो, आणि छर्रा उजवीकडे जातो. काकांनी पुढचे तीन छर्रे फुग्याच्या डाव्या कडेवर धरून मारले. तीन छर्रे, तीन फुगे. जाता जाता म्हणाले, "छर्रे एका जागी पडतायत म्हणजे माणूस बरोबर हाय. ती जागा चुकतीय म्हणजे बंदूक चुकतीय. आधी माणूस दुरुस्त करायचा, मग बंदूक."

स्नायपर म्हणजे लपून, लांबून, एका गोळीत काम करणारा सैनिक. त्याचं प्रशिक्षण कसं असतं हे समजून घ्यायला मला आजवर याहून चांगली सुरुवात सापडलेली नाही. कॉलेजात एनसीसी केलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथंही पॉइंट टू-टू रायफल हातात दिल्यावर उस्ताद आधी बघतात ते ग्रुपिंग. पाच गोळ्यांची भोकं किती लहान वर्तुळात बसली एवढंच. वर्तुळ निशाण्याच्या मध्यापासून लांब असलं तरी चालतं, कारण रायफलची साइट, म्हणजे नेम धरायची माशी-खाच, दोन-चार खटके फिरवून ते मध्यावर आणता येतं. याला झिरोइंग म्हणतात. पण भोकं कागदभर विखुरलेली असतील तर साइट कुठल्या बाजूला फिरवणार?

तिथंच एनसीसीत एक शब्द कानावर पडतो: 'शिस्त लेना', म्हणजे नेम धरणं. मराठीत शिस्त म्हटलं की आपल्याला शाळेची रांग आठवते, पण जुन्या मराठीत शिस्त या शब्दाचा एक अर्थ बंदुकीचा नेम असाच होता. दुसऱ्या बाजूला 'नेम' बघा. नेम लागला हाही नेम आणि नित्यनेमातलाही नेम. भाषेनं या दोन गोष्टी एकाच शब्दात का बांधल्या असतील, हे स्नायपरचा अभ्यासक्रम बघितला की कळतं. त्यात गोळी झाडण्याचा भाग आपल्याला वाटतो त्यापेक्षा फारच लहान असतो.

आधी शरीर. सिनेमातला स्नायपर दात-ओठ खाऊन बंदूक आवळून धरतो. प्रत्यक्षात पहिला धडा असतो तो सैल पडण्याचा. स्नायू थकतो आणि थरथरतो, हाड थकत नाही. म्हणून रायफलचं वजन हाडांवर, जमिनीवर, टेकूवर सोडायचं. पुढं वाळूची पिशवी किंवा दोन पायांचा स्टँड, मागं दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल दर वेळी दस्त्याच्या त्याच जागी टेकलेला. आपल्याकडं यात्रेत नंदीध्वजाची काठी पेलणारे बघितलेत ना? बाराबंदी घातलेला मानकरी तेवढी उंच काठी घेऊन चालतो तेव्हा नुसत्या दंडाच्या ताकदीवर चालत नाही. भार पाठीच्या कण्यातून सरळ जमिनीत उतरला पाहिजे, कमरेत जरा वाक आला की काठी डोलायला लागते. यात्रेआधी इतके दिवस सराव चालतो तो यासाठीच. रायफलमागं झोपलेल्या माणसाचंही असंच असतं. त्याची एक गमतीची परीक्षा आहे: नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नेम हलला असेल तर तुम्ही बंदूक जोरानं तिकडं दाबून धरली होती. मग हातानं ओढून नेम परत आणायचा नाही, अख्खं शरीर थोडं सरकवायचं.

श्वासाचंही तसंच. श्वास घेताना छाती फुगते आणि नळीचं टोक खाली जातं, सोडताना वर येतं. श्वास सोडून झाला आणि पुढचा अजून सुरू व्हायचा आहे, अशी एक-दोन सेकंदांची शांत जागा प्रत्येकाच्या श्वासात असते. ती थोडी लांबवायची आणि त्यात चाप ओढायचा. जास्त वेळ कोंडून धरलं तर दहाएक सेकंदांतच नजर पुसट होते, हात कापायला लागतात. मी फुग्यांसमोर नेमकं हेच करत होतो. आणि चाप झटक्यात ओढायचा नसतो, बोटाच्या पेरानं हळूहळू दाब वाढवत न्यायचा असतो, इतका हळू की गोळी सुटली त्या क्षणाचं आपल्यालाही थोडं आश्चर्य वाटावं. 'आता उडणार' हे मनाला कळलं की खांदा आणि पापणी आधीच दचकतात. ही दचक घालवायला उस्ताद लोक एक जुनी युक्ती करतात. शिकणाऱ्याला न सांगता मधूनच नकली, न उडणारी गोळी भरून देतात. चाप ओढल्यावर आवाज होत नाही, पण नळी मात्र टुणकन खाली झुकते. सगळ्या रांगेसमोर चोरी पकडली जाते.

एवढं करून खेळाडूही तयार होतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, त्या निशाण्याचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं. अचूकतेत हे खेळाडू बहुतेक स्नायपरांना मागं टाकतील. पण त्यांच्या निशाण्याचं अंतर नियमपुस्तकात लिहिलेलं असतं, आणि निशाणा उलटून त्यांना शोधत नसतो. स्नायपरला अंतर स्वतः काढावं लागतं, वारा स्वतः ओळखावा लागतो, आणि हे करताना दिसायचं नसतं. पुढचा सगळा अभ्यास या तीन गोष्टींचा.

गोळी सरळ जाते हा आपला गैरसमज. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडत असते, हातातून सुटलेल्या दगडासारखीच. फक्त पडता पडता ती फार लांब जाते. ७.६२ मिलिमीटरची नेहमीची रायफल गोळी सेकंदाला साधारण आठशे मीटर वेगानं निघते, पण हवा तिला सतत मागं ओढत असल्यामुळे सहाशे मीटर जायला तिला सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्यात ती नळीच्या सरळ रेषेपासून साडेतीन-चार मीटर, म्हणजे घराच्या एका मजल्याहून थोडी जास्तच खाली आलेली असते. म्हणून नळी मुळातच थोडी वर रोखलेली असते. किती वर, हे अंतरावर ठरतं, आणि अंतराचा अंदाज पन्नास मीटरनं चुकला तरी इतक्या लांबवर गोळी हातभर वर किंवा खाली जाते.

अंतर मोजायला आज लेझर आहे, पण स्नायपरच्या शाळेत त्याच्याशिवाय मोजायला शिकवतातच. त्यामागचं गणित शाळेतल्या भूमितीचंच आहे. लांबची वस्तू लहान दिसते, किती लहान दिसते यावरून ती किती लांब आहे ते काढायचं. दुर्बिणीच्या काचेवर बारीक खुणा असतात, त्यांच्यातल्या कोनाला मिल म्हणतात. एक हजार मीटरवरची एक मीटरची वस्तू बरोबर एक मिलची दिसते. आता समजा, होटगी रस्त्याकडेच्या शेतात विजेचा खांब आहे आणि तो जमिनीच्या वर आठ मीटर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. काचेत तो दहा मिल भरला, तर खांब आठशे मीटरवर. आठ भागिले दहा, गुणिले हजार. संपलं. म्हणून या लोकांना दरवाजाची उंची, ट्रॅक्टरच्या चाकाचा व्यास, कुंपणाच्या खांबांतलं अंतर असल्या निरुपयोगी वाटणाऱ्या गोष्टी तोंडपाठ असतात.

दुसरं माप मिनिटाचं. इथलं मिनिट घड्याळातलं नाही, कोनाचं आहे, एका अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर हा कोन २.९ सेंटीमीटर रुंद होतो, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठा. आठशे मीटरवर तोच २३ सेंटीमीटर होतो, म्हणजे आपली कडक भाकरी. 'एका मिनिटाची रायफल' असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ एवढाच: माणसाची काही चूक झाली नाही तरी त्या रायफलच्या गोळ्या शंभर मीटरवर नाण्यात आणि आठशेवर भाकरीत पडतील, त्याहून जवळजवळ पडण्याची हमी नाही. माणसाच्या चुका यात वेगळ्या मिळवायच्या.

आता वारा. जुन्या जाणत्यांना विचारा, ते म्हणतील की अंतर हे गणित आहे आणि वारा ही कला. मला हे पटतं. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे वाळत घातलेली चादर जरा फडफडेल इतपत, सहाशे मीटरवर वर सांगितलेल्या गोळीला पाऊण मीटरहून जास्त बाजूला ढकलतो. आणि वारा वाटेत सगळीकडे सारखा नसतो. तुमच्यापाशी शांत, मधल्या ओढ्यात उलटा, निशाण्यापाशी जोरात, असंही असतं. यंत्र फक्त तुम्ही झोपलात तिथला वारा सांगतं. पुढचा वारा वाचावा लागतो: गवताच्या शेंड्यांवरून, धुळीवरून, धुरावरून. मंगळवेढ्याकडं जाताना हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचं उभं रान बघितलं असेल, वाऱ्याची झुळूक कणसांवरून कशी चालत जाते ते डोळ्यांना दिसतं. स्नायपरचा जोडीदार दुर्बीण लावून तासन्‌तास तेच बघतो.

आणि जिथं गवतही नाही, धूरही नाही, तिथं मृगजळ बघतात. हे सोलापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यात अक्कलकोट रस्त्यावर दुपारी डांबरावर जे पाणी थरथरताना दिसतं, तेच. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते आणि त्या हवेतून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. जोरदार दुर्बिणीतून या लाटा स्पष्ट दिसतात. लाटा सरळ वर उकळत असतील तर आडवा वारा नाही, किंवा वारा बरोबर आपल्या तोंडावर किंवा पाठीवर आहे. लाटा उजवीकडे कलल्या तर वारा उजवीकडे वाहतोय, जितका कल जास्त तितका वारा जास्त. फार जोराच्या वाऱ्यात मात्र लाटा सपाट होतात आणि किती जोर आहे ते त्यांच्यावरून कळत नाही. ज्या उन्हाला आपण चार महिने शिव्या घालतो, ते त्यांच्यासाठी वाऱ्याचं फुकटचं यंत्र आहे.

उन्हाचा आणखी एक हिशेब असतो. गरम दारू जरा जोरात जळते, गोळी थोडी वेगानं निघते. उंचावर हवा विरळ होते, गोळीला अडथळा कमी होतो, ती कमी खाली येते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, लेह साडेतीन हजार मीटरवर. इथं बसवलेली साइट तिथं नेली तर लांबचा निशाणा चुकणारच. म्हणून प्रत्येक स्नायपरकडं एक वही असते. तारीख, वेळ, तापमान, उंची, वारा, किती खटके दिले, गोळी कुठं पडली. थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी तापलेल्या नळीतल्या गोळ्यांपेक्षा थोडी वेगळी पडते, तिचीही वेगळी नोंद, कारण खऱ्या कामात बहुधा तीच एक गोळी असते. किराणा दुकानदाराची खतावणी बघावी तशी ही वही दिसते. काकांना मी एकदा विचारलं होतं की सैन्यातून येताना काय काय आणलंत. ते म्हणाले, "वही आणावी वाटली होती, पण जमा करावी लागली."

वाऱ्यावरून जोडीदार आठवला. स्नायपर सहसा दोघं असतात आणि अनेकदा दोघांतला जास्त अनुभवी माणूस रायफलमागं नसून दुर्बिणीमागं असतो. अंतर, वारा, गोळी कुठं पडली हे तो सांगतो. रायफलमागचा तेवढं ऐकतो. लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण ज्याचं डोकं मोकळं आहे त्यानंच निर्णय घ्यावा यात वावगं काय?

आता लपण्याविषयी. माझ्या मते या विद्येतला सगळ्यात सुरस भाग हाच, आणि त्याची शाळा आपल्यापासून वीसेक किलोमीटरवर आहे: नान्नजचा माळ. माळढोक आता दिसणं दुर्मिळ झालंय, पण तिथल्या गवताळ रानात एखाद्या सकाळी नुसतं बसून बघा. पायाशी रातवा बसलेला असतो, वाळक्या पानांच्या रंगाचा, आणि तुम्ही त्याच्यावर पाय देईपर्यंत तो दिसत नाही. टिटवीची अंडी उघड्यावर असतात, तरी खड्यांत खडे होऊन जातात. माणूस मात्र तिथं लगेच का दिसतो? कारण डोकं आणि खांदे हा आकार डोळा लगेच पकडतो. चष्म्याची चमक दिसते. सावली दिसते. टेकाडाच्या माथ्यावर उभं राहिलं तर आभाळावर काळी आकृती उमटते. हिरव्या कपड्यांत पिवळ्या गवतात बसलं तर रंग दिसतो. आणि या सगळ्यांपेक्षा हालचाल. काळवीट गवतात बसलं तर नजरेआड होतं, कान हलवला की सापडतं.

गोणपाटाच्या चिंध्या लावलेला तो झुपकेदार अंगरखा तुम्ही चित्रांत पाहिला असेल. त्याला घिली सूट म्हणतात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हरणांच्या शिकारीला साहेबाबरोबर जाणाऱ्या नोकराला तिथल्या बोलीत घिली म्हणत, त्यांची ही युक्ती. मार्केट यार्डात कांद्याच्या जुन्या गोण्या असतात तसलंच तागाचं कापड उसवून त्याच्या दशा जाळीवर बांधायच्या, म्हणजे खांद्याची गोल कड मोडते. पण नुसता सूट घालून भागत नाही. जिथं झोपायचं तिथलंच गवत त्यात खोचावं लागतं, आणि उन्हानं ते कोमेजलं की बदलावं लागतं. नाहीतर भोवती ताजं गवत आणि मधे एक सुकलेला ढीग, असा तमाशा होतो.

याच शिकाऱ्यांना घेऊन १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी लोव्हॅट स्काउट्स ही तुकडी उभी राहिली आणि पुढं पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडून ब्रिटिश फौज टेहळणी शिकली. शिकायची वेळ आली होती, कारण १९१५ पर्यंत खंदकांच्या लढाईत जर्मन नेमबाज फार पुढं होते. त्यांच्याकडं शिकारी होते आणि दुर्बीण लावलेल्या रायफली होत्या. मग १९१६ मध्ये हेस्केथ-प्रिचर्ड नावाच्या शिकारी आणि क्रिकेटपटू अधिकाऱ्यानं फ्रान्समध्ये शाळा काढली. त्याची एक युक्ती मला फार आवडते. कागदाच्या लगद्याचं माणसाचं डोकं करायचं, तोंडात सिगारेट द्यायची, खालून रबरी नळीनं ती ओढायची म्हणजे धूर निघेल, आणि ते डोकं खंदकावर हळूच वर करायचं. समोरच्यानं गोळी मारली की डोक्यात दोन भोकं पडतात, आत शिरल्याचं आणि बाहेर पडल्याचं. डोकं पुन्हा त्याच जागी धरून पेरिस्कोप लावून त्या दोन भोकांतून बघितलं, की नजर सरळ ज्याच्या बंदुकीपर्यंत जाते तो सापडला. मूर्ती घडवणाऱ्या हातांनी लढाईत केलेलं एवढं नेमकं काम क्वचितच ऐकायला मिळतं.

स्नायपर हा शब्दही जाता जाता सांगून टाकतो, कारण तो आपल्या बाजूचा आहे. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्याकाठी चिखलात लांब चोचीचा पाणलावा दिसतो. चाहूल लागली की वेडावाकडा, नागमोडी उडतो. इंग्रजीत तो स्नाइप. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी त्याच्या शिकारीला जायचे आणि असला पक्षी ज्याला पडतो तो खरा नेमबाज मानला जायचा. त्यावरून हा शब्द निघाला. रोहित बघायला उजनीला जाणाऱ्या गर्दीत पाणलाव्याकडं कोणी ढुंकून बघत नाही, हे त्याच्या पथ्यावरच पडतं.

प्रशिक्षणात लपण्याची परीक्षा कशी असते? मोकळ्या रानात शिकणाऱ्याला हजारभर मीटर लांब सोडतात. पलीकडं दुर्बिणी लावून उस्ताद बसलेले. त्यांना न दिसता ठरलेल्या वेळेत दोनशेएक मीटरपर्यंत सरपटत यायचं, नुसता आवाज करणारी गोळी उडवायची, आणि तरीही सापडायचं नाही. शेवटी शेवटी एकेक मीटर पुढं सरकायला कित्येक मिनिटं लागतात. मुंग्या चावतात, घाम डोळ्यात जातो, लघवी लागते. आणि कधी कधी सगळं जमलेलं असताना डोक्यावर टिटवी ओरडायला लागते. आपल्या माळावर तर हे ठरलेलंच. म्हणून चांगला स्नायपर पक्ष्यांचीही दखल घेतो, आणि समोरच्या बाजूला पक्षी अचानक उठले तर त्याचीही.

दुसरी परीक्षा नजरेची. समोरच्या रानात काही वस्तू अर्धवट लपवतात, रेडिओची काडी, गोळीची पुंगळी, टोपीची कड. दुर्बिणीतून त्या शोधून ठरलेल्या वेळेत कागदावर चित्र काढायचं. तिसरी आठवणीची, आणि ती आपल्या घरातली आहे: ताटात पंचवीस वस्तू, मिनिटभर बघायच्या, मग वर रुमाल, आणि आठवून लिहायच्या. आईच्या भिशीत हा खेळ मी शंभरदा पाहिलाय. जगभरच्या स्नायपर शाळांत त्याला किम्स गेम म्हणतात, किपलिंगच्या १९०१ च्या कादंबरीतल्या, सिमल्याच्या दुकानात रत्नं आठवून सांगायला शिकणाऱ्या पोरावरून. फरक एवढाच की शाळेत ताट बघितल्यावर कधी कधी आधी दुसऱ्याच कामाला जुंपून दमवतात आणि मग लिहायला सांगतात.

एवढी बघायची तालीम कशासाठी? कारण बहुतेक दिवस स्नायपर गोळी झाडतच नाही. तो बघतो आणि लिहितो. पलीकडं पहारा कधी बदलतो, पाण्याची गाडी कुठल्या वाटेनं येते, काल नसलेला मातीचा ढीग आज कुठून आला. सेनापतीला ही वही गोळीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

नावाजलेल्या स्नायपरांकडं बघितलं तरी हेच दिसतं. फिनलंडचा शेतकरी सिमो हायहा यानं १९३९-४० च्या हिवाळी युद्धात सुमारे शंभर दिवसांत पाचशेहून अधिक शत्रुसैनिक टिपल्याचं मानलं जातं. त्याच्या रायफलला दुर्बीण नव्हतीच. दुर्बिणीतून बघायला डोकं जरा जास्त वर काढावं लागतं, थंडीत काच धूसर होते, उन्हात चमकते. साधी माशी त्याला पुरत होती. उणे तापमानात श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तो तोंडात बर्फ धरायचा. सोव्हिएत सैन्यातल्या ल्युडमिला पाव्हलिचेंकोच्या नावावर ३०९ ची नोंद आहे. या आकड्यांचं कौतुक करताना मी जरा अडखळतो. तोफेच्या गोळ्याला माणूस दिसत नाही, स्नायपरला दुर्बिणीतून चेहरा दिसतो. म्हणूनच निवड करताना उतावळ्या माणसाला बाहेर काढतात, आणि ज्याला हे करण्याची फारच हौस आहे त्यालाही.

विक्रमी अंतरांच्या बातम्यांचंही तसंच. २०१७ मध्ये कॅनडाच्या एका सैनिकानं इराकमध्ये ३,५४० मीटरवरून नेम साधल्याची बातमी आली. गोळी जवळजवळ दहा सेकंद हवेत होती. इतक्या वेळात निशाणा एक पाऊल चालला तरी गोष्ट संपते, पृथ्वीचं फिरणंसुद्धा हिशेबात धरावं लागतं. ते कसब आहेच, पण त्यात नशिबाचा वाटा मोठा आणि प्रशिक्षणाचा तो मापदंड नाही.

आपल्याकडं पायदळाची शाळा मध्य प्रदेशातल्या महूला आहे, आणि लष्कराचं मार्क्समनशिप युनिटही तिथंच. लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली पिस्तुलात रौप्य मिळवणारा विजय कुमार त्याच युनिटचा. सैन्यात बरीच वर्षं रशियन बनावटीची ड्रॅगुनोव्ह चालली, साधारण आठशे मीटरपर्यंतची. गेल्या काही वर्षांत सीमेवर पॉइंट थ्री-थ्री-एट सारख्या लांब पल्ल्याच्या रायफली आल्या. सीमा सुरक्षा दलाचा स्नायपर कोर्स इंदूरला होतो, आठ आठवड्यांचा. २०२४ मध्ये हिमाचलच्या सुमन कुमारी तो पूर्ण करून दलातल्या पहिल्या महिला स्नायपर झाल्या. कोर्सला बाकी सगळे पुरुष होते, आणि तिथून त्या नुसत्या उत्तीर्ण होऊन आल्या नाहीत, इन्स्ट्रक्टर श्रेणी घेऊन आल्या.

एक गोष्ट राहिली, आवाजाची. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आत-बाहेर चालतो, गोळी त्याच्या पुढं. सहाशे मीटरवर गोळी एका सेकंदात पोचते, बंदुकीचा आवाज पावणेदोन सेकंदांनी. आधी कानाजवळून गेलेल्या गोळीचा चाबकासारखा फटकारा, मग लांबून 'ठप्प'. या दोन आवाजांमधल्या वेळेवरून बंदूक किती लांब आहे याचा अंदाज अनुभवी सैनिक बांधतात. लांबच्या वरातीतला फटाका आधी चमकतो आणि मग वाजतो, त्यातलाच हा प्रकार.

गेल्या जानेवारीत भाचीला घेऊन गड्ड्यावर गेलो होतो. तिला फुगे फोडायचे होते. मी म्हटलं, आधी मी. फळीच्या कोपऱ्यात मी खिळा शोधला, पोट सैल सोडलं, श्वास सोडला, आणि तीन छर्रे त्या खिळ्यावर वाया घालवले. भाची म्हणाली, "मामा, तुला येत नाही." छर्रे या वेळी खाली पडत होते, खिळ्याच्या बरोबर दीड बोट खाली. मग दीड बोट वर धरून पुढचे पाच मारले. पाच फुगे गेले. दुकानदार मघापासून हाताची घडी घालून बघत होता. भाचीचा डाव भरताना त्यानं माझ्या हातातली बंदूक काढून घेतली, फळीखाली ठेवली, आणि आतून दुसरी आणून तिच्या हातात दिली.